निपाणीतले परदेशी

हसणार नसाल तरच सांगतो. बरं, हसा, पण चहा सांडू नका. कारण मी निपाणीच्या भर बाजारातून एका घोड्याला परदेशी म्हणून पोलीस ठाण्यात नेलंय. होय, घोड्याला!

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. मी अप्पांच्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. अप्पा म्हणजे आमचे मालक. मिशा भरघोस, आणि कायद्याची भीती त्याहून भरघोस. एका सकाळी बाजारात दवंडी पिटली: सरकारचा नियम बदलला. ज्याच्या पदरी परदेशी माणूस नोकरीला असेल, त्या मालकानं तो फौजदारापुढं हजर करावा. आजवर कोण कुठला हे कुणी विचारत नव्हतं. आता लपवला तर मालकच आत!

अप्पांच्या हातातलं पान गळून पडलं.

"दिवाणजी, आपल्याकडं परदेशी कोण हाय ओ?"

"अप्पा, दारातच उभा हाय की! रामदीन परदेशी!"

रामदीन म्हणजे आमचा राखणदार. आजा उत्तरेतून आलेला, म्हणून आडनाव परदेशी. बाकी गडी जन्मानं निपाणीचा, आणि हिंदी बोलायला लागला की आमच्यापेक्षा वाईट!

"मी परदेशी?" रामदीन भडकला. "आवो, माझी बायकू चिकोडीची हाय!"

"बायकोचं कोण इचारतंय? आडनावातच कबूल केलंयस की रं तू!"

इथंच थांबलो असतो तर? पण माझं डोकं एकदा चालायला लागलं की ते थांबतंय होय! तंबाखू निवडायला बायका यायच्या, त्या वेशीपलीकडच्या कोल्हापूर संस्थानातल्या खेड्यांतून. आमच्यावर राज्य इंग्रजांचं, त्यांच्यावर महाराजांचं. राजा वेगळा म्हणजे देश वेगळा. आहे की नाही बिनतोड?

मी वखारीत जाऊन तसं सांगितलं. चंद्राक्का, म्हणजे बायकांची म्होरकी, तिनं कपाळावर हातच मारून घेतला. "आगं बायांनो, सरकार आमास्नी गावाकडं हाकलून देतंय गं!"

"आक्का, रोज सांजच्याला गावाकडंच जातीस की!"

"त्ये मी माझ्या पायानं जातो. सरकारनं कशापायी हाकलायचं?"



सगळ्यांना घेऊन ठाण्याकडं निघणार, तोच अप्पा थबकले. त्यांच्या टांग्याचा एक घोडा होता. 'अस्सल अरबी हाय!' असं ते गावभर सांगत फिरायचे. आता हळूच माझ्या कानाशी लागले.

"दिवाणजी, अरबस्तान कुठं आलं?"

"समुद्रापल्याड."

"मग ह्यो बी...?"

"नोकरीला तर हायच, अप्पा. चारा तुमचाच खातोय."

झालं! पुढं काठी घेतलेला रामदीन, मागं मी, माझ्यामागं घोड्याचा लगाम धरून अप्पा, आणि घोड्यामागं गळा काढून रडणाऱ्या बायका. बाजाराला वाटलं, चळवळीची मिरवणूक निघाली. कुणीतरी 'भारतमाता की जय' ठोकलं. दुकानांच्या फळ्या पटापट लागल्या, जो तो आमच्यामागं लागला. ठाण्याशी पोचतोय तर निम्मं निपाणी पाठीशी जयजयकार करतंय, आणि समोर शिपाई लाठ्या सरसावून उभे!

"दिवाणजी," अप्पा म्हणाले, "आता गोळ्याच घालत्यात बघा!"

मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "साहेब, मारू नका! आम्ही परदेशी आणलेत!"

"परदेशी?" मागून आरोळी आली. "करा होळी! जाळून टाका!"

लोकांना वाटलं, परदेशी कापड आणलंय. रामदीन टुणकन उडी मारून घोड्याच्या आड!

"एनु इदु? काय चाललंय काय?" फौजदार गरजत बाहेर आले. धारवाडकडचे होते, आवाज असा की गर्दी आपोआप पांगली. आम्हाला आत घेऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला. रागानं की हसू दाबून, देव जाणे.

"अहो, परदेशी म्हणजे परक्या सरकारची रयत! जर्मन, इटालियन, पोर्तुगीज! हा रामदीन आपलाच. संस्थानातल्या बायाही हिंदुस्थानातल्याच." मग खिडकीतून वाकून त्यांनी घोडा न्याहाळला. "आणि हा अरबी? हा गडहिंग्लजच्या बाजारातला तट्टू आहे!"

अप्पांचा चेहरा एवढासा झाला. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण गप्प बसेन तर मी कसला! वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणालो, "माफी असावी साहेब. आमच्या डिचोलीकडं असलं काय कधी ऐकलं न्हवतं, म्हणून घोटाळा झाला."

"डिचोली? गोव्यातली?"

"व्हय. जन्म तिथला. लहानपणी मामाकडं निपाणीला आलतो, तो हिकडंच रमलो."

फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"म्हणजे तू पोर्तुगीज की रे!"

चंद्राक्कानं डोळे पुसले. रामदीननं काठी सावरली. आणि सगळेच्या सगळे हळूच माझ्यापासून मागं सरले.

बाकीचे तिथल्या तिथं सुटले, घोड्यासकट! पण घरी जातंय कोण? माझं काय होतंय ते बघायला सगळे दारात ठाण मांडून उभे.

"शेठ, नवा नियम ऐका," फौजदार अप्पांना म्हणाले. "परदेशी माणूस कामावर ठेवायचा तर मालकानं सांगावं लागतं, की असला माणूस आमच्या मुलखात मिळत नाही. नाहीतर याला आजच घाटाखाली धाडतो. बोला, सांगताय?"

बायको, घर, सगळं निपाणीत; डिचोलीत आता मला कुत्र्यानंसुद्धा ओळखलं नसतं. मी काकुळतीनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी बाहेरच्या घोड्याकडं पाहिलं. मग रडून सुजलेल्या बायकांकडं. मग जळता जळता वाचलेल्या रामदीनकडं. आणि मग बराच वेळ माझ्याकडं.

"देवाशपथ सांगतो साहेब," अप्पा म्हणाले, "असला माणूस आख्ख्या मुलखात मिळायचा न्हाय!"