पांढऱ्या पेशी आणि आमचा शिपाई

गुरांच्या दवाखान्यात किस्से शेणासारखे असतात. रोज उचला, सकाळी पुन्हा तेवढेच! कर्जत तालुक्यात इतकी वर्षं सुया टोचतोय, पण हसवणारे किस्से कमी आणि चीड आणणारेच जास्त साठलेत.

*

कोंडाणे गावात सभा घेतली. लम्पीची साथ नुकती ओसरली होती. लस टोचूनही काही जनावरं गेली, त्यात सभेला आलेल्या वेणूताईंचं वासरूही गेलं. आता त्यांची गाय पुन्हा गाभण होती. "ह्ये तरी जगंल का?" एवढंच त्या विचारत होत्या.

मी सोपं करून सांगितलं, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई. अ जीवनसत्त्व मिळालं नाही, तर शिपाई असून नसल्यासारखा."

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे तुमच्या दवाखान्यातल्यावानी! सही करतो नि गायब!"

सगळे हसले. आमचा शिपाई सभेला आला असता तर तोही हसला असता.

*

सुक्या पेंढ्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. म्हटलं, "ताई, गाईला हिरवा चारा द्या."

"हिरवं कुटनं आनू, डॉक्टर? हिरवं समदं फार्महाऊसच्या कुंपनात हाय!"

*

म्हणून त्या फार्महाऊसवर गेलो. मालक मुंबईचे, चहाबिहा पाजला. लॉनचं कापलेलं गवत मागितलं तर म्हणाले, "ते आम्ही जाळतो हो. गावातली माणसं आत यायला लागली की प्रायव्हसी राहत नाही." मग आपला कुत्रा पुढं केला. "डॉक्टर, याच्या इम्युनिटीसाठी व्हिटॅमिन ई चालू आहे. डोस वाढवू का?"

कुत्रा बिचारा शेपूट हलवत होता. त्याला काय बोलणार!

*

वरच्या ऑफिसकडे गाभण गाईंसाठी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मागितली. बऱ्याच महिन्यांनी खोकं आलं. उघडलं तर कोंबड्यांची पावडर! फोन केला.

"जीवनसत्त्व ते जीवनसत्त्वच ना? वापरा की."

"साहेब, गाईला पिसं फुटली तर?"

"मग अंड्यांचा रिपोर्ट पाठवा!"

शेवटी वेणूताईंच्या गाईचं इंजेक्शन मीच कर्जतच्या मेडिकलमधून आणलं.

*

सुई देताना त्यांना बजावलं, "जन्मताना वासराच्या अंगात काही नसतं. जीवनसत्त्वं, रोगाशी लढायची ताकद, सगळं त्याला पहिल्या चिकातून मिळतं. पहिला चीक म्हणजे सोनं, ताई! जन्मल्याबरोबर पाजा." त्यांनी मान डोलावली.

गाय व्याली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या. पदराखाली डबा होता. तोंडभर हसत त्यांनी तो टेबलावर उघडला. आत खरवस, वेलची घातलेला, अजून कोमट.

"पयला चीक हाय, डॉक्टर. तुमच्यामुळं गाय धड व्याली, मंग पयला मान तुमचा! सोनं हाय म्हनालात ना? येक थेंब घरात ठेवला नाय. वासराला मागनंचा पाजला."

"वासरू कसं आहे?"

"उभं ऱ्हात नाय सकाळपासनं. तुमी खाऊन घ्या, मंग या बगाया."