चपलांचा हार

सभापतीवर अविश्वास ठराव आला तेव्हा मी पंचायत समितीचा सदस्य होतो. तलावाचं पाणी तो आधी स्वतःच्या धानाला नेतो, असा आरोप होता. मतदानाच्या दिवशी लोकांनी आपल्याच पायातल्या चपला काढून हार ओवला. असू द्यावा म्हणून एक फुलांचाही आणला होता.

ठराव एका मतानं पडला. लगेच फुलांचा हार पुढे झाला, जयजयकार झाला. मग आमच्या गावचा एक म्हातारा ओरडला, "अबे, आता तो दुसरा हार सोडा ना! पाय भाजून राहिले माहे."

मीही खाली बसून सुतळीच्या गाठी सोडू लागलो.

"फुटला कोन, भाऊ?" त्यानं मला विचारलं.

"कोन जाने, बाबाजी."

फुटलो मीच होतो. आदल्या दिवशी तलावाचं पाणी माझ्या धानाच्या बांधीत आलं होतं. म्हाताऱ्याचं धान त्या साली वाळलं.