स्वप्नाताईंनी पोर हवाली केली नाही

अंगणवाडीच्या सेविकेला कामावरून काढा, असा अर्ज गेले दोन आठवडे आमच्या गावात सह्यांसाठी फिरतो आहे. कारण दिलं आहे, 'पालकांशी उद्धट वर्तन'. वर्तन काय, तर तिने चार वर्षांच्या एका मुलीला तिच्या आजोबांच्या हवाली केलं नाही. ती मुलगी माझी. म्हणून हे मीच लिहायला हवं. गाव आष्ट्यापासून फार लांब नाही, एवढंच सांगते. लेकीचं नाव लिहिणार नाही.

स्वप्नाताई गावातल्याच. त्यांचे आजोबा धोंडीबा म्हणजे गावात बौद्ध झालेल्या पहिल्या चार घरांपैकी एका घराचे कर्ते. ताई आष्ट्याला कॉलेजात जाऊन बी.ए. झाल्या आणि आता चौदा वर्षं अंगणवाडी सांभाळतात. बुटक्या, आवाज खणखणीत. वजन करायला मूल उचलण्याआधी त्याला विचारतात, "उचलू का रं तुला?" ते नाही म्हणालं तर थांबतात. मला हे आधी नाटकीच वाटायचं. पंचवीस मुलांची वजनं घ्यायची आणि प्रत्येकाची परवानगी काय मागायची?

पालकसभेला आया तरी येतात, बाप कधीच येत नाहीत. म्हणून ताई संध्याकाळी दूध डेअरीवर जायला लागल्या. दुधाची फॅट मोजून होईपर्यंत तिथून कोणाला हलता येत नाही. किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बापांना त्या सांगायच्या, की लेकरांना अंगाच्या प्रत्येक भागाचं नाव सांगा, कुठे कोणी हात लावायचा नाही ते सांगा, आणि नुसती अनोळखी माणसाची भीती घालू नका, कारण त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो.

"आणि पावण्यांम्होरं लेकराला मुका द्यायला लावू नका. त्येला नको आसंल तर नको."

रांगेत हशा पिकला. आमच्या घरची किटली घेऊन त्या दिवशी मीही रांगेत होते. कोंडीबाअण्णा म्हणाले, "आता आमी म्हशीलाबी इचारूनच धार काढतो, बाई."

"काढा की," ताई म्हणाल्या. "ती लाथ तरी मारती. लेकराला तेबी येत न्हाई."

कोंडीबाअण्णांनी किटली पुढे सरकवली. पण त्या निघाल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, आता ह्या आमाला शिकवनार. 'ह्या' वरचा जोर कशासाठी होता, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं आणि कोणीही त्याला टोकलं नाही. मीही नाही.

आमच्याकडे भावकीतला कोणीही कोणाचंही पोर अंगणवाडीतून गाडीवर बसवून घरी आणतो. विचारायचं नसतं. त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्या दिवशी माझे चुलतसासरे लेकीला न्यायला गेले, तसे ते नेहमीच जायचे. लेक ताईंच्या मागे लपली. त्यांनी तिचा दंड धरून ओढलं, तशा ताई मध्ये उभ्या राहिल्या.

"माझी नात हाय ती," सासरे म्हणाले.

"आवं, तुमचीच हाय. खरं ती नको म्हणतीया. तिच्या आईला फोन केलाय, येईल ती."

मी गेले. दारात दहा माणसं जमली होती. आणि एम.कॉम. झालेल्या मला लाज कशाची वाटली, तर माझ्या पोरीच्या वागण्याची. मी तिला ताईंच्या पदरातून ओढून काढलं, आजोबांशी असं वागतात का म्हणून दटावलं, आणि त्यांना मुका द्यायला लावला. तिने दिला. लाकडासारखी ताठ होऊन दिला.

ताई माझ्यावर रागावल्या नाहीत. माणसं पांगल्यावर एवढंच म्हणाल्या, "आंगूळ घालताना इचारा तिला. काय बी सांगितलं तरी आदी म्हणा, सांगितलंस ते बरं केलंस."

मी विचारलं. लेकीने जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. जिथे सांगायचं तिथे सांगितलं आहे.

माझा नवरा विश्वजित फौजेत आहे. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी येईस्तोवर थांब. घरातली गोष्ट हाय." मी विचारलं, तोवर हिने कुणाच्या अंगणात खेळायचं? तेव्हा म्हणाला, "जा तू. सकाळीच जा."

सकाळी मी लेकीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. सोबत ताई होत्या. घरातलं कोणी आलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, म्हातारं माणूस, लाडानं जवळ घेतलं असेल. लाड! ज्या लाडाबद्दल 'आईला सांगू नकोस' असं बजावावं लागतं, त्याला लाड म्हणायचं?

गुन्हा दाखल झाला, चुलतसासऱ्यांना अटक झाली. तरी अर्ज थांबला नाही. उलट सह्या वाढल्या. ताईंनीच पोरीच्या डोक्यात भरवलं, असं म्हणतात. काय भरवलं? 'नको' म्हणायला ती पाळण्यात असतानाच शिकली होती. ते ऐकून घेणारं माणूस तिला चौदा जणांच्या आमच्या घरात मिळालं नाही, अंगणवाडीच्या दारात मिळालं.

काल माझी जाऊ रेश्मा अर्ज घेऊन आली. तेवीस सह्या होत्या. सही केलीस तर घरातलं सगळं मिटंल, असा निरोप होता. मी पेन घेतलं आणि सह्यांच्या खाली लिहिलं, 'ती मुलगी माझी आहे. बाईंनी केलं ते बरोबर केलं.' आणि सही केली.

रेश्माने कागद उचलून वाचला. "आता ह्यो कुनाला दावायचा?"

"बुधवारी ताईंच्या चौकशीला अंगणवाडीचे अधिकारी येणार आहेत, त्यांना."

ती कागद घेऊन गेली. तो फाडून नवा लिहितील, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तेवीस जणांकडे पुन्हा जावं लागेल. त्यातल्या नऊ जणांची पोरं आज स्वप्नाताईंच्याच हातची खिचडी खाऊन घरी आली. या वेळी सही करायच्या आधी त्या पोरांना जवळ बसवा आणि विचारा, कुणाबरोबर जायला तुला नको वाटतं. आणि उत्तर आलं तर दटावू नका.