चेसिसखालचा जॅक

चपलेच्या टोकानं पुढच्या चाकाला एक हलकी लाथ मारायची आणि म्हणायचं, "हलतंय काय? न्हाय न्हवं? मग?"

हे 'मग?' ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. आजही आठवलं तरी जाते.

माझं गॅरेज बेळगावच्या टोकाला, जांबोटीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. हा माणूस त्या रस्त्यावर वडापची, म्हणजे माणसं कोंबून भाड्यानं न्यायची, जीप चालवायचा. सगळे त्याला आप्पा म्हणायचे, मीही. तिकडच्या जंगलातल्या गावांना बस आली तर आली, नाही तर नाही. त्यामुळे दुधाच्या किटल्या, खताची पोती, दवाखान्यातून सोडलेला पेशंट, लग्नाचा बस्ता, सगळं आप्पाच्या जीपमध्ये. माणूस लाखातला. रस्त्यात म्हातारं माणूस चालताना दिसलं की गाडी थांबायचीच, मग जागा असो वा नसो. पण गाडीच्या दुरुस्तीचं नाव काढलं की असा हट्टी, की म्हशीला समजावणं सोपं.

तुम्हीही असले ड्रायव्हर पाहिले असतील. पुढून खडखड ऐकू आली की टेपचा आवाज वाढवतात.

आप्पाच्या जीपच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट गेलाय, हे मला ती गॅरेजसमोर वळतानाच ऐकू यायचं. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खांद्याचा सांधा समजा. वाटीत गोळा बसलेला असतो आणि त्यावर चाक वळतं. तो झिजत जातो आणि एक दिवस गोळा वाटीतून बाहेर येतो. मग चाक आडवं पडतं आणि गाडी जिथं असेल तिथं नाक टेकते. गाडी कुठं असेल, हे आपल्या हातात नसतं.

हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! तो म्हणायचा, मी बघिटलं की, हलत न्हाय. आणि त्याची ती बघायची तऱ्हा! वडापमध्ये खाली उतरला त्याची खिडकी गेली, हा कायदा. म्हणून आप्पा कुणाला उतरवायचा नाही. माणसांसकट जीप जॅकवर चढवायचा. आतल्या बायका एकमेकींना धरून बसायच्या. जॅक लावायचा चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, मग चाक धरून गदागदा हलवायचा. अरे बाबा, चेसिसखाली जॅक लावलास की स्प्रिंग आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या आडव्या दांड्याला, खाली दाबून धरते, सांधा आवळलेलाच राहतो, झिजलेला असला तरी हलणार कसा? जॅक लावायचा खालच्या आर्मखाली, चाकाजवळ, म्हणजे सांध्यावरचा दाब निघतो आणि खरं काय ते कळतं. एवढं सांगून मी थुंकी गिळेपर्यंत हा गाडीत बसलेला असायचा. माणसं खोळंबल्यात म्हणे.

एका बाजाराच्या दिवशी माझा तोल सुटला. त्याची किल्ली काढून घेतली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. जॅक आर्मखाली लावला, टायरखाली पहार घातली आणि उचकटलं. टक्. पुन्हा टक्. पुढं एक आक्का उभी होती, नेहमीची, आप्पाच्याच गावची. तिचा हात धरून मी सांध्यावर ठेवला आणि पहार पुन्हा दाबली. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

आक्कानं हात लुगड्याला पुसला आणि विचारलं, "मग आमी कशानं जायाचं? तू सोडतोस व्हय?"

मी बसचं नाव काढलं तर दोघं-तिघं हसले. आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळे परत जीपमध्ये चढले, खिडकीवरून भांडत.

आप्पा मात्र त्या दिवशी 'मग?' म्हणाला नाही. कान लाल झाले होते त्याचे. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "यास्नी सोडतो आनि गाडी तुझ्या दारात आनून लावतो. तू नवा जॉइंट आनून ठेव." मी किल्ली दिली. लगेच जाऊन जॉइंट आणला, पुसून टेबलावर ठेवला.

गाडी आली नाही. गावाच्या अलीकडच्या उतारावर चाक पडलं. हळू चालवत होता म्हणून जीप भाताच्या खाचरात नाक खुपसून थांबली. माणसं सगळी वाचली. आप्पाचं मनगट स्टेअरिंगमध्ये सापडून मोडलं.

प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून तो आला, तेव्हा मी शिव्या तयार ठेवल्या होत्या. त्यानं खालीच बघत सांगितलं, गाडी मोडीत घातली. जॉइंट बसवून देतो, नवी होईल, असं मीच उलट विनवायला लागलो. त्यानं मान हलवली.

"एकदा देवानं मानसं राखली. दुसऱ्यांदा मागायचं तोंड न्हाय मला."

झालं. आता तिकडची माणसं गाठोडी घेऊन माझ्या गॅरेजसमोरून चालत जातात आणि माझ्याकडं असं बघतात, जसं काही चाक मीच पाडलं. संताप येतो. बरोबर मी होतो! पण हे सांगायचं कुणाला? तो जॉइंट अजून माझ्या टेबलावर आहे. दुसऱ्या गाडीला बसवावासा वाटत नाही.

परवा समोरच्या थांब्यावर आप्पा दिसला. मनगट वाकडंच राहिलंय. त्याचीच जुनी गिऱ्हाइकं भोवती उभी होती. बस आली तशी दाराशी झुंबड उडाली, पण हा पुढं गेला, वाकला आणि बसचं पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन हलवायला लागला. ड्रायव्हर वरून कन्नडमध्ये ओरडत होता. भरलेली बस, जमिनीवर टेकलेलं चाक! असं हलवून काय कळणार, कपाळ? मी हातातला पाना टाकून तेच ओरडायला निघालो.

तेवढ्यात ती आक्का दिसली. एक पाय पायरीवर ठेवून ती आप्पाकडं बघत थांबली होती.

"हलत न्हाय," आप्पा म्हणाला. "चढ, आक्का."

ती चढली. मी रस्त्याच्या अलीकडंच उभा राहिलो. सगळे चढल्यावर तो शेवटी चढला. बसायला जागा उरली नव्हती. चांगल्या हातानं दांडी धरून तो उभा राहिला आणि बस जांबोटीच्या रस्त्याला लागली.