भुईला पाय टेकणारी सायकल

फोन आला तेव्हा मी युसूफ वडगावच्या बाजारात म्हशीसाठी पेंड घेत होतो. मंगल, माझी बायको, एवढंच म्हणाली, "घरी या. अक्का गेल्या." माझ्या तोंडून निघालं, "सायकलवर होती का?" नव्हती. ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, बसल्या जागीच कलंडली. हे मुद्दाम लिहितोय, कारण महिना होऊन गेला तरी भेटायला येणारा प्रत्येक जण पाण्याचा घोट घेतो आणि हळूच सायकलीच्या विषयावर येतो. एवढ्या अंगाची बाई, हे वय, कशाला ते नसतं खूळ... मला राग येतो, आणि मी तो लपवत नाही. शेवटची वर्षं अक्का मनाला येईल तिथं गेली, ती याच सायकलीमुळं.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी गेल्यावर आमच्या वस्तीवर राहायला आली. अंगानं भारी, साखरेचा आजार, धरलेले गुडघे. विहिरीपर्यंत जाऊन आली तरी धापा टाकायची. डॉक्टरांनी हातपाय हलवायला सांगितलं होतं, ते तिनं हसण्यावारी नेलं. तिची लहानपणीची मैत्रीण काशी जवळच खालच्या वस्तीवर दिलेली होती. एका दुपारी निरोप आला की काशीचं काही खरं नाही, अक्काला भेटायचं म्हणतेय. मी मोटारसायकल घेऊन नारायणगडाला गेलो होतो, वस्तीवर दुसरी गाडी नव्हती. अक्का चालतच निघाली. अर्ध्या वाटेत दम लागून बांधावर बसली, आणि काशी गेल्याचं सांगायला निघालेला माणूस तिला तिथंच भेटला. त्यानंतर कितीतरी दिवस ती धड जेवली नाही. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "आता कुणाच्या गाडीची वाट बघायची न्हाई. मला सायकल घेऊन दे. स्वस्तातली बघ."

तिला सायकल येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर, सावकाश चालवू द्या. मी लगेच केजला गेलो आणि आम्ही शेतकरी माणसं कुठलीही वस्तू घेतो तशी सायकल घेतली... किती ओझं ओढेल ते बघून. उंच, दणकट, मागं पोतं बसेल असं कॅरिअर. अक्कानं तिच्याभोवती एक चक्कर मारली. "ही मला आणली का पोत्याला? दांडीवरून पाय कसा टाकू, लुगडं फाडून?" दुसऱ्या दिवशी परत केली. पुण्याहून माझ्या मुलानं गिअरच्या सायकलींचे फोटो पाठवले. ते बघून ती पोट धरून हसली. "हिच्यावर वाकून बसायचं म्हणजे पोट कुठं ठिवू? आन् पडल्यावर उचलायला पुण्याहून येणार हाय का त्यो?"

शेवटी तिनंच शोधली. शेजारच्या पोरीला शाळेतून मिळालेली सायकल, ती दहावी झाल्यापासून गोठ्यात पडून होती. शेळ्यांचा पाला तिच्यावरच टाकायचे. अक्का वाकलेल्या दांडीतून सहज आत शिरली, सीट पार खाली करायला लावली आणि दोन्ही तळवे भुईला टेकवून बसली. पाठ ताठ. ब्रेक दाबून बघितले. "ट्यूब-टायर नवे टाक, ब्रेकचे रबर बदल. रंगाला काय चाटायचंय?"

पायडल काढून ठेवायला सांगितले ते तिनंच. खळ्यावर रोज सकाळी पायानं रेटत सायकल पुढं न्यायची, तोल सापडला की पाय उचलायची. दोनदा कोपर सोलून घेतलं. मंगल वैतागायची, "लोकं हसतेत अक्का. कावून हे?"

"हसू दे की. दम त्येंचा जातोय का मपला?"

पायडल बसवल्यावर पहिल्यांदा ती खालच्या वस्तीवर, काशीच्या सुनेला भेटायला गेली. चढाला उतरून ढकलत, सपाटीला परत बसत. परतली तेव्हा घामानं निथळत होती; मी पाण्याचा तांब्या पुढं केला. पुढं दळण, बाजार, कुणाचं बारसं, कुणाचं दुखणं... अक्का आपली आपण जाऊन यायची. वजन फार काही उतरलं नाही. पण विहिरीवरून आली की धापा टाकणं थांबलं होतं.

दहावा झाल्यावर मी सायकल पुसून गोठ्याच्या आढ्याला दोरीनं टांगली. आठवण म्हणून. मंगलनं ते बघितलं.

"खाली काढा ती."

"कावून?"

"अक्काला टांगून ठिवू नका. मला शिकायचीय."

मला रडू आलं, तिच्यासमोरच. ती पायडल काढायला पाना घेऊन आली. आता खळ्यावर रोज सकाळी मंगल सायकल रेटत असते, पदर खोचून, ओठ घट्ट मिटून. काल फाट्यावर राहणाऱ्या तिच्या बहिणीला ताप असल्याचा फोन आला. मी खुंटीवरून मोटारसायकलची किल्ली काढून अंगणात आलो, तर मंगल सायकलवर, पायानं रेटतच, फाट्याच्या दिशेनं निघालेली. तोल अजून डळमळत होता. मी हाक मारणार होतो... मारली नाही. घरात गेलो आणि किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली.