काचेच्या खोलीतल्या नऊ जणी

घर विकायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी वही काढली. नवऱ्याची बदली धुळ्याला झाली होती, सासूबाईंचं माहेरही तिकडचं, आणि जळगावात एक नि धुळ्यात एक असे दोन संसार चालवायची माझी तयारी नव्हती. वहीत दोन रकाने आखले. घराची किंमत वाढवणाऱ्या गोष्टी आणि कमी करणाऱ्या. पहिल्या रकान्यात पहिलीच नोंद होती: काचेची खोली.

ही खोली आम्ही सहा वर्षांपूर्वी वाढवून घेतली होती. वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूला उघडी गॅलरी होती. भिंतीपासून पाच फूट बाहेर आलेली, खाली एकही खांब नाही. तिच्यावर विटांचा कठडा चढवला, तिन्ही बाजूंनी सरकत्या काचा, वर पत्रा, खाली नवी फरशी. मंजुरी घेतली नाही. गल्लीत कोणीच घेत नव्हतं. मिस्त्री म्हणाला होता, "ताई, खोली वाढली म्हणजे घराचा भाव वाढला समजा." तेही मी वहीत लिहून ठेवलं होतं.

आमच्याकडच्या उन्हात काचेच्या खोलीचं काय होतं, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मार्च संपायच्या आत तिची भट्टी झाली. म्हणून मोठा लोखंडी कूलर आणून कोपऱ्यात बसवला. तो ठिबकायचा. मी खाली पोतं अंथरायची आणि दर सोमवारी बदलायची. सहा उन्हाळे मी हे न चुकता केलं. पोतं रोज ओलं होतं, तर खालच्या स्लॅबचं काय होत असेल, हा प्रश्न माझ्या एकाही यादीत नव्हता.

त्या खोलीचं खरं चीज व्हायचं ते बिबड्यांच्या दिवशी. कूलर बंद करून, काचा लावून घेतल्या की धूळ नाही, कावळे नाहीत आणि ऊन भरपूर. ज्वारीचा घाटा खाली शिजवून वर न्यायचा आणि गल्लीतल्या बायकांनी मिळून पापडासारख्या पातळ बिबड्या थापून वाळत घालायच्या. आज हिच्या, उद्या तिच्या. थापायला सगळ्या आमच्याकडेच.

घर घेणारे बोदवडचे दुकानदार होते. त्यांना ती खोली फार आवडली होती. त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर घराची किंमत ठरवायला शनिवारी सकाळी येणार होता. मी यादी केली: जिना पुसणे, कागद एका फायलीत, खोली वापरात दिसली पाहिजे. म्हणून मीच सासूबाईंना म्हटलं, "आई, बिबड्या शनिवारीच घाला."

व्हॅल्युअर तिशीतला, कमी बोलणारा. मंजूर नकाशा हातात धरून तो दारासमोर उभा राहिला आणि वर बघू लागला.

"वर काय आहे?"

"काचेची खोली. आम्ही वाढवलीय."

"नकाशात नाही. मला तिची किंमत शून्यच धरावी लागेल."

मला राग आला. तो राग मिनिटभर टिकला. कारण तेवढ्यात त्याने ओट्यावर चढून, हात उंचावून टेपच्या कडेने गॅलरीच्या तळाला ठोकलं. आवाज पोकळ आला. पुन्हा ठोकल्यावर ताटाएवढा पापुद्रा पायाशी पडला आणि आतली सळई दिसली. गंजून तिचेही पापुद्रे सुटत होते.

"इथे पाणी कुठून येतं?"

"कूलर," मी म्हटलं.

वरून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. त्याची मान झटकन वर गेली. "वर माणसं आहेत?"

"नऊ जणी."

तो आधी मला हाताला धरून बाजूला घेऊन गेला, मग हळू बोलला. "नक्की काय ते स्ट्रक्चरवाला इंजिनिअर सांगेल. पण माझी आई वर असती तर मी तिला आत्ता खाली आणलं असतं. घाबरवू नका. सगळ्या एकदम उठायला नकोत."

जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. चढताना मी मनात क्रम लावला. बाहेरच्या कडेच्या आधी. दोघी दोघी. क्रम अगदी स्पष्ट दिसत होता.

मी दारात थांबले. उंबऱ्याच्या अलीकडे घराचा पक्का स्लॅब, पलीकडे ती फरशी. "बँकेचे साहेब आलेत, चहा ठेवलाय. दोघी दोघी खाली चला. काचेजवळच्या आधी."

"दोघी दोघी काय? शाळेच्या प्रार्थनेला चाललो का?"

"साहेब घर बघायला आलेत की आपल्याला?"

"आपल्याला असेल तर थांबा गं, मी केस विंचरते."

त्या हसत एकमेकींवर कलंडल्या आणि मला फरशी हलल्यासारखी वाटली. हलली नसेलही.

अगदी बाहेरच्या कोपऱ्यात काचेला टेकून समोरच्या घरातल्या बाई बसल्या होत्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्यांनी माझ्याकडे हात केला. "हात दे गं, गुडघे धरलेत."

चार पावलांचं अंतर. मी उंबरा ओलांडला नाही. शेजारच्या बाईला म्हटलं, "तुम्ही द्या ना त्यांना हात." अक्कांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, तिचा हात धरला आणि उठल्या. दोघी दारातून आत आल्या. मग दोघी. मग आणखी दोघी, पुन्हा दोघी. मी मोजत होते.

शेवटी सासूबाई उरल्या. मांडीशी पातेलं, हात पिठाचे.

"तू साहेबले चहा दे, मी येस. घाटा बठ्ठा गरम शे. थंडा व्हयना ते फेकना पडी."

"आई, उठा. आत्ता."

वीस वर्षांत मी त्यांच्याशी या आवाजात बोलले नव्हते. त्या उठल्या, पदराला हात पुसत माझ्या अंगावरून गेल्या आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी दार ओढून कुलूप लावलं.

पुढच्या आठवड्यात माणसं लावून ती खोली गॅलरीसकट उतरवली. बोदवडच्यांना कारण सांगितलं. आम्ही त्या खोलीचे वेगळे पैसे धरले होते, ते सोडले. घर जुन्या नकाशाच्या भावाने गेलं. बायकांना मात्र मी काही सांगितलं नाही. गळत होती म्हणून काढली, एवढंच. सगळ्या सुखरूप होत्या. मग कशाला सांगायचं?

सामान बांधत होतो त्या दिवसांत अक्कांच्या दारात विटा आणि काचांच्या चौकटी येऊन पडल्या. त्यांची गॅलरीही आमच्यासारखीच, बिनखांबाची.

मी तशीच समोर गेले. अक्का उत्साहाने म्हणाल्या, "तुझी गेली, आता माझी. बिबड्या कुठे थापणार नाहीतर? मिस्त्री म्हणतो, घराचा भावही वाढेल."

मी त्यांच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पापुद्रा, सळई, कूलर, शून्य. आधी इंजिनिअरला दाखवा, त्याशिवाय एक वीट चढवू देऊ नका, हेही सांगितलं.  अक्कांनी समोरच्या आमच्या रिकाम्या भिंतीकडे बघितलं.

"मी कडेला बसले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणून तू हात दिला नाहीस?"

आणखी एक वजन वाढू नये म्हणून, असं उत्तर मी सहा आठवडे तयार ठेवलं होतं. ते खोटंही नव्हतं.

"भ्याले, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली. "मिस्त्रीला फोन लाव. म्हणावं, उद्या येऊ नको."