वरच्या मजल्यावरचा व्यायाम

जयनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ कुणावर आवाज चढवत नाहीत. "स्वल्प पाणी," एवढंच कानडी वळणाने पुटपुटतात आणि हात पुढे करून बसतात. पंचविशीत मी असल्या पुरुषांना शांत स्वभावाचे म्हणायची. नवरा असाच मिळावा म्हणून वेड्यासारखे सोमवारही धरले होते, आणि देवाने ऐकलं.

या गृहस्थांना डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितला, म्हणून त्यांच्या पुण्याच्या लेकीने घड्याळ पाठवलं. टीव्हीतल्या बाईबरोबर घरातच हातपाय हलवायचे. घड्याळ ते मोजतं आणि लेकीला तिच्या फोनवर दिसतं.

परवा मी वर डबा परत द्यायला गेले, तर हे गृहस्थ खुर्चीत पेपर वाचत होते. टीव्हीसमोर सुजलेल्या गुडघ्यांनी उठबस करत होती ती यांची बायको. घड्याळ तिच्या मनगटावर.

"यांचं राहिलं की पोरगी रागावते, अक्का," ती धापा टाकत म्हणाली.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आज तर कमाल केलीत."

"हो गं. पाय स्वल्प दुखतात," हे म्हणाले, आणि बायकोला पाय चेपायची खूण केली. ती खाली बसायला लागली.

माझं डोकंच फिरलं. तिचा हात धरून मी फोनसमोर नेला. "बघ बाई, घड्याळ कुणाच्या हातात आहे. व्यायाम तुझी आई करते. बाबांची साखर अशाने उतरायची नाही, आईचे गुडघे मात्र जातील."

यांनी पेपरची घडी घातली आणि बायकोला विचारलं, "दार उघडं का ठेवलंस?"